हसून मागितलेली सूट

कथा सांगणाऱ्याला खोटे बोलण्याची मुभा किती असावी, हा प्रश्न फार जुना आहे. कथा मुळातच रचलेली असते, तेव्हा तिच्यात खरेखोटे काय पाहायचे, असे कोणी म्हणेल. पण वाचक म्हणून आपण दोन प्रकारच्या खोटेपणात फरक करतोच. कोल्हा बोलतो हे आपण बिनतक्रार मान्य करतो; पण शेवटच्या पानावर कर्जबाजारी नायकाला अकस्मात आफ्रिकेतला श्रीमंत मामा भेटला, की आपण पुस्तक आपटतो. वास्तविक कोल्ह्याचे बोलणे अशक्य आणि मामा भेटणे अगदी शक्य. तरी आपला राग मामावरच. अ‍ॅरिस्टॉटलने हे नेमके ओळखले होते. शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही पटणारी घटना कवीने पसंत करावी, असे त्याने सुचवून ठेवले आहे. युरिपिडीसची मीडिया शेवटी सूर्याच्या रथात बसून निघून जाते, तेही त्याला रुचले नव्हते. पुढे रोमन कवी होरेस याने थोडी सवलत दिली: देव सोडवील अशाच तोलाची गाठ असेल तर खुशाल देव आणावा, एरवी नाही.

या मामाला मी या लेखापुरते 'लेखकाची सोय' म्हणतो. ती दरवेळी अप्रामाणिकपणाच असते का, आणि लेखक स्वतःच तिच्यावर हसला तर तिचा दोष कमी होतो का, एवढाच आजचा प्रश्न. उदाहरणे मात्र या अंकाच्या वाचकांना अनपेक्षित वाटतील. ती ब्रिटिश दूरदर्शनवरच्या जुन्या विज्ञानकथा-मालिकांतली आहेत. इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्या तबकड्यांचा एक गठ्ठाच मला आणून दिला आणि वर म्हणाला, "सर, पुठ्ठ्याचे राक्षस आहेत, पण बघा तर खरे." पुठ्ठ्याचेच होते. आणि त्या पुठ्ठ्यामुळेच ही उदाहरणे कामाची ठरली. ज्याच्याजवळ पैसा असतो त्याची सोय झाकली जाते. गरिबाची उघडी पडते.

'डॉक्टर हू' या मालिकेचा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी दाखवला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट हिने तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, इंग्रजी लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. कथानायक 'डॉक्टर' हा परग्रहावरचा भटक्या. त्याचे यान काळातून आणि अवकाशातून कुठेही जाते, आणि जिथे उतरेल तिथल्या परिसरात शोभेल असे रूप घेते. पण दर आठवड्याला यानाचे नवे रूप उभारायला पैसे कोठून आणायचे? मग पहिल्याच गोष्टीत यान लंडनमधल्या निळ्या पोलीस-चौकीच्या खोक्याचे रूप घेऊन बसलेले असते, आणि तिथून निघाल्यावर त्याची रूप बदलण्याची यंत्रणा बिघडते, ती कायमची. हे खोके म्हणजे रस्त्याच्या कडेला उभी केलेली, एखाद-दुसरा माणूस मावेल एवढी खोली. तिच्यातल्या टेलिफोनवरून नागरिक पोलिसांना बोलावत. तीन वर्षांनी, १९६६ साली, डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. नायक बदलल्याशिवाय मालिका चालणार नव्हती. लेखकांनी ठरवले की या परग्रहवासीयाचे शरीर जीर्ण झाले की ते नवे होते. झाले! हार्टनेल आडवे झाले आणि पॅट्रिक ट्राउटन उठून बसले.

दोन्ही निव्वळ सोयी. एक पैशाची, एक प्रकृतीची. पण प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटले नाही, आणि याचे कारण मला असे दिसते की या सोयींनी नायकाचे काहीच सोपे केले नाही. बिघडलेले यान उलट अडचणीच वाढवते. आणि शरीर बदलले तरी मागच्या चुका नव्या डॉक्टरच्याच पदरात राहतात. योगायोगाने पात्र संकटात पडले तर वाचक कुरकुरत नाही. संकटातून बाहेर पडले तर मात्र हिशेब मागतो.

याच मालिकेत दुसऱ्या जातीची सोयही होती. १९६८ साली डॉक्टरच्या हातात ध्वनिलहरींवर चालणारा एक पेचकस आला, सोनिक स्क्रूड्रायव्हर. आधी तो खरोखर स्क्रू काढी. मग कुलुपे उघडू लागला, मग नाना प्रकारच्या यंत्रांना वठणीवर आणू लागला. कोठडीत टाकलेल्या नायकाला बाहेर कसे काढायचे, याचा विचार करण्याचे लेखकाचे श्रम वाचू लागले. पुढे निर्माते जॉन नेथन-टर्नर यांना हा प्रकार खटकला आणि १९८२ साली एका गोष्टीत त्यांनी त्या पेचकसाची सरळ राखरांगोळी करवली. के-नाईन नावाचा सर्वज्ञ यांत्रिक कुत्रा १९८१ सालीच घरी पाठवण्यात आला होता. मुलांची अनेक पत्रे आली असतील, पण शिक्षक या नात्याने मी नेथन-टर्नर यांच्या बाजूचा आहे. 'एका रम्य पहाटे' हा निबंध तपासताना शेवटी 'आणि तेवढ्यात आईने हाक मारली, मला जाग आली' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे, की एखाद्या वर्षी हाक मारणाऱ्या सगळ्या आयांना शाळेत बोलावून विनंती करावी असे वाटते. मुलाने राजवाडा उभारला, त्यात वाघ सोडला, आता वाघाचे काय करायचे हे त्याला कळत नाही. आई येते. वाघ तसाच राहतो.

आता विनोदाकडे येतो. सोय करून घेताना लेखक हसला तर काय होते?

डग्लस अ‍ॅडम्स (१९५२–२००१) हा या विद्येतला सर्वांत मोठा ब्रिटिश कारागीर. त्याची 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' १९७८ साली आधी रेडिओवर आली, मग कादंबरी झाली, आणि १९८१ साली बीबीसीने तिचे सहा भाग दूरदर्शनवर दाखवले. कथेच्या प्रारंभी आर्थर डेंट या साध्यासुध्या इंग्रज गृहस्थाचे घर रस्त्यासाठी पाडायला माणसे येतात. योजनेचे कागद कचेरीत रीतसर पाहायला ठेवलेले होते; फक्त ते तळघरात, कुलूपबंद कपाटात होते. तितक्यात परग्रहावरचे अधिकारी येऊन संपूर्ण पृथ्वीच एका अवकाशमार्गासाठी पाडणार असल्याचे जाहीर करतात. त्यांचेही कागद पन्नास वर्षे दुसऱ्या एका ताऱ्यावरच्या कचेरीत रीतसर लावलेले असतात. कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्या कोणाही माणसाला यात अतिशयोक्ती फारशी सापडणार नाही.

आर्थर आणि त्याचा मित्र फोर्ड यांना पुढे यानातून बाहेर, रित्या अवकाशात फेकून दिले जाते. अर्ध्या मिनिटात मृत्यू. इथे अ‍ॅडम्स स्वतः अडकला होता. तो सांगे की कोणतीही सुटका इथे असंभाव्यच वाटणार होती, आणि जे यान येईल ते ओढूनताणून आणलेलेच दिसणार होते. मग ज्यूडोमध्ये जसे प्रतिस्पर्ध्याचे वजन त्याच्याच विरुद्ध वापरतात तसे त्याने केले. असंभाव्यता हीच अडचण ना? मग असंभाव्यतेवरच चालणारे यान आणू! ते येते आणि दोघांना उचलून घेते. असे घडण्याची शक्यता किती कमी होती, याचा एक प्रचंड आकडाही प्रेक्षकाला ऐकवला जातो. सोय लपवण्याऐवजी लेखकाने तिची मिरवणूक काढली. आपण हसतो, आणि हसता हसता मामाला क्षमा करतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा केवळ चतुर माणसाचा चतुरपणा ठरला असता. वर्गात उशिरा येणारा एखादा पोरगा असा काही चेहरा करतो की मास्तरही हसतात. उशीर मात्र उशीरच राहतो. अ‍ॅडम्सचे मोठेपण पुढच्या प्रसंगात आहे. यानावर दोन क्षेपणास्त्रे सुटलेली असतात. असंभाव्यतेचे यंत्र चालू केल्याबरोबर त्यातल्या एकाचा होतो पेटुनियाच्या फुलांचा कुंडा आणि दुसऱ्याचा भला थोरला देवमासा. नायक मंडळी वाचली, आपण हसलो. पण लेखक तिथून निघतच नाही. तो त्या देवमाशाजवळ थांबतो. आकाशात एकाएकी जन्मलेला तो जीव स्वतःविषयी विचार करू लागतो, आपल्या अवयवांना नावे देऊ लागतो, वाऱ्याचे कौतुक करतो, खालून वेगाने जवळ येणाऱ्या त्या विस्तीर्ण वस्तूशी आपली मैत्री होईल का म्हणून हरखतो. ती वस्तू म्हणजे जमीन. हसू ओठांवरच राहते. अ‍ॅडम्सने याचे मूळ सांगून ठेवले आहे. एका अमेरिकन गुप्तहेर-मालिकेत कथानक पुढे सरकावे एवढ्याचसाठी माणसे मारली जात, त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे. ते त्याला खुपले. केवळ कथेच्या सोयीसाठी जन्मून मरणारे एक पात्र आणायचे आणि प्रेक्षकाला त्याचे दुःख करायला लावायचे, असे त्याने ठरवले.

इथे मला विनोदाचे खरे काम दिसते. किराणा दुकानदाराकडून उधारीवर माल नेताना आपण वहीत आकडा लिहून देतो. हसून घेतलेली सोय ही लिहून दिलेली उधारी असते. न हसता, न सांगता घेतलेली सोय म्हणजे दुकानदाराची पाठ फिरल्यावर पिशवीत घातलेली साखर. लिहून दिलेली उधारीही फेडावीच लागते, हा भाग वेगळा, आणि चांगले लेखक ती फेडतात. डॉक्टरचे जुने वैरी डालेक हे चाकांवरचे यंत्रराक्षस. विश्व जिंकायला निघालेल्या या शत्रूंना जिना कसा चढता येणार, ही इंग्लंडातल्या शाळकरी पोरांची पेटंट थट्टा. १९७९ साली खुद्द डॉक्टरनेच उंचावर चढून खालच्या डालेकला ती ऐकवली. आणि १९८८ साली एका भागाच्या अगदी शेवटी, जिना चढून सुटलो असे डॉक्टरला वाटत असताना, डालेक जमिनीपासून उचलला जातो आणि तरंगत पायऱ्या चढू लागतो. फेडलेली उधारी! भाग तिथेच संपला, आणि पोरांना पुढचा आठवडा काढावा लागला.

काही सोयी मात्र केवळ गंमत म्हणून सोडून द्याव्यात. 'रेड ड्वार्फ' (१९८८ पासून) या विनोदी मालिकेतला लिस्टर हा अवकाशातला अगदी खालच्या दर्जाचा कामगार आणि झणझणीत भारतीय जेवणाचा भोक्ता. १९९१ सालच्या एका भागात एका यंत्राच्या चुकीने त्याच्या मटण विंदालूचाच राक्षस होतो आणि शेवटी तो मरतो बिअरच्या एका डब्यामुळे, कारण विंदालूचा जाळ शमवणारे तेवढेच! गोव्याच्या वाचकांना सांगायला नको की विंदालूचा बटाट्याशी काही संबंध नाही. पोर्तुगीजांच्या द्राक्षासव आणि लसूण या शब्दांतून ते नाव आले. गोव्यातले कालवण इंग्लंडमार्गे अवकाशात जाऊन राक्षस झाले, याचा राग मानायचा की अभिमान, ते ज्याचे त्याने ठरवावे.

सोय आणि विनोद यांचे उत्तम जमलेले लग्न पाहायचे तर 'सिटी ऑफ डेथ' ही १९७९ सालची चार भागांची गोष्ट पाहावी. तीही अ‍ॅडम्सच्याच हातची. डेव्हिड फिशर यांच्या कल्पनेवरून त्याने निर्माते ग्रॅहम विल्यम्स यांच्याबरोबर ती घाईघाईने नव्याने लिहिली आणि पडद्यावर तिसरेच टोपणनाव गेले. तिच्या शेवटच्या भागाला सुमारे एक कोटी साठ लाख प्रेक्षक लाभले, पण त्याचे एक कारण असे की त्या काळात प्रतिस्पर्धी वाहिनी संपामुळे बंद होती. म्हणजे तिचे यशही योगायोगाचे! गोष्ट पॅरिसमध्ये घडते. तिच्यात डगन नावाचा एक इंग्रज गुप्तहेर आहे. विचार करण्याचा त्याला कंटाळा. दार दिसले की फोड, माणूस दिसला की ठोसा मार. तीन भाग आपण त्याला हसतो, डॉक्टर त्याच्यावर वैतागतो. चौथ्या भागात सगळी मंडळी चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या ओसाड पृथ्वीवर असतात. खलनायक स्कॅरॉथ आपल्या यानाचा स्फोट थांबवायला धावत असतो. तो थांबला तर पृथ्वीवर जीवसृष्टी सुरूच होणार नाही. डॉक्टरची बुद्धी संपलेली. आणि डगन पुढे होऊन एक ठोसा ठेवून देतो. मानवजात वाचते.

यापेक्षा सोयीचा शेवट कोणता असणार? पण लेखकाने ती सोय पहिल्या भागापासून आपल्या डोळ्यांसमोर ठेवली होती. आपण तिला विनोद समजत होतो, एवढेच. जो ठोसा लपवून ठेवला असता तर लबाडी ठरली असती, तो हशात मांडून ठेवल्यामुळे न्याय ठरला. शिवाय त्या मूर्ख माणसाला इतके दिवस हसलो, याची किंचित बोचही उरते.

एका सोयीविषयी मात्र आपण, दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांनी, जरा जास्त बोलायला हरकत नाही. परग्रहावरची माणसे इंग्रजी कशी बोलतात? बहुतेक मालिका या प्रश्नाकडे पाहतच नाहीत. 'डॉक्टर हू'मध्ये १९७६ साली पंधराव्या शतकातल्या इटलीत गेलेली सारा डॉक्टरला विचारते की मला इथली भाषा कशी समजते? ही माझ्या जातीची देणगी आहे, तुलाही तिच्यात वाटा दिला आहे, असे सांगून तो मोकळा होतो. अ‍ॅडम्सने कानात घालायचा एक पिवळा मासा काढला, बेबल फिश. तो कानात गेला की विश्वातली कोणतीही भाषा समजते. हा मासा इतका सोयीचा आहे की त्याच्यावरून ईश्वर नसल्याचे सिद्ध होते, असा एक तर्कटी युक्तिवादही तिथे केलेला आहे; लेखकाने आपल्याच सोयीची इतकी थट्टा केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. आणि त्याला जोडून जाता जाता तो सांगतो की परस्परांचे बोलणे समजण्यातले अडथळे दूर केल्यामुळे या माशाने जगातली सर्वाधिक आणि सर्वांत रक्तरंजित युद्धे घडवून आणली.

सीमाभागातल्या, किंवा इंदूर-बडोद्याच्या घरांत हे वाचणाऱ्याला यावर नुसते हसून चालणार नाही. आमच्याकडची मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि परीक्षेत इंग्रजी अशी तीन दारांतून रोज ये-जा करतात. हा मासा त्यांच्या कानात कोणी घातलेला नाही. शेजारणीशी बोलताना क्रियापद चुकले म्हणून हसे झाले, पुन्हा प्रयत्न केला, असे करत ती भाषा कानात उतरली. ज्या कथेत सगळे सगळ्यांना फुकट समजते, तिथे ही मेहनत पुसली जाते, आणि मेहनतीबरोबर तिच्यातून आलेले सौजन्यही. समोरच्याला आपली भाषा नीट येत नाही हे ठाऊक असले की आपण सावकाश बोलतो, शब्द निवडतो. म्हणून बेबल माशाचा विनोद मला मालिकेतल्या इतर विनोदांपेक्षा अधिक गंभीर वाटतो. डॉक्टरच्या देणगीची किंमत कोणी विचारली नाही. अ‍ॅडम्सने माशाची किंमत लावली.

आता मुख्य गोष्टीकडे. १९७५ साली टेरी नेशन यांनी लिहिलेली 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' ही सहा भागांची गोष्ट या मालिकेतली श्रेष्ठ गोष्ट मानली जाते. डालेक जन्माला येण्यापूर्वीच्या काळात डॉक्टरला पाठवले आहे. त्यांचा नायनाट करावा, असा हुकूम. डालेकांचे गर्भ जिथे वाढवले जात आहेत, त्या खोलीत त्याने स्फोटके लावली आहेत. त्याच्या हातात दोन तारा आहेत. एकमेकींना लावल्या की संपले. आणि तो थांबतो. एखादे मूल दाखवून, हे पुढे लक्षावधींचा संहार करणारा हुकूमशहा होणार आहे असे मला सांगितले, तर त्या मुलाला मी मारू शकेन का? डालेकांच्या भयाने उद्या जे वैरी एकमेकांचे मित्र होणार आहेत, त्यांचे काय? एक पूर्ण जात पुसून टाकली तर मी त्यांच्याहून वेगळा कसा? त्याची सोबतीण सारा काकुळतीने सांगते आहे, तारा जोड. मुलांसाठी म्हणून शनिवारी संध्याकाळी दाखवायच्या कार्यक्रमात हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारला गेला, याबद्दल मला त्या लेखकाविषयी आदर आहे.

आणि मग दारातून एक माणूस धावत येतो. खलनायक डॅव्हरॉसने अटी मान्य केल्या, आता याची गरज नाही. डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकून तारा दूर करतो. पुढे ती बातमी फसवी ठरते, तो पुन्हा तिथे येतो, या वेळी निश्चयानेच येतो. पण समोर एक डालेक उभा ठाकतो, त्याला पळावे लागते, आणि तो डालेकच जमिनीवर पडलेल्या तारांवरून जातो. तारा जुळतात. स्फोट होतो. डॉक्टरचे हात स्वच्छ!

इथे कोणी हसत नाही. दृश्य अतिशय गंभीर आहे, आणि म्हणूनच माझी तक्रार गंभीर आहे. पेचकसाने कोठडी उघडली तर लेखकाने आपले श्रम वाचवले, एवढेच. तारांवरून गेलेल्या डालेकाने नायकाचा निर्णय वाचवला. आपल्याकडच्या नाटकातही असे घडले आहे. देवलांच्या 'शारदा' नाटकात (१८९९) पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. ते लग्न मोडते कशाने? बापाला पश्चात्ताप झाला, की गावाला लाज वाटली? वधूवर सगोत्र आहेत, हे कोदंड उघड करतो, म्हणून. शारदा वाचली याचा आनंद पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना झाला, मलाही होतो. पण गोत्र वेगळे असते तर? तो प्रश्न मंडपातल्या कोणालाच उत्तर देणे भाग पडत नाही. देवलांची बाजू घेऊन असे म्हणता येईल की त्या काळच्या समाजाकडून विवेकाने लग्न मोडण्याची अपेक्षा करणे हीच असंभाव्य गोष्ट ठरली असती. हे मान्य. नेशनच्या बाजूनेही म्हणता येईल की दोन तारांमधला तो थांबलेला क्षणच प्रेक्षकाच्या मनात राहतो, पुढचे विसरले जाते. हेही बऱ्याच अंशी खरे. तरी धावत आलेल्या त्या माणसाला मी क्षमा करू शकत नाही.

नेशन यांनीच जन्माला घातलेल्या दुसऱ्या मालिकेत याचे उत्तर आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. 'ब्लेक्स सेव्हन' १९७८ ते १९८१ चालली. जुलमी सत्तेविरुद्ध लढणारी मूठभर माणसे, त्यांतले बरेचसे गुन्हेगार. २१ डिसेंबर १९८१ रोजी, नाताळ चार दिवसांवर आला असताना, तिच्या शेवटच्या भागात नायक मंडळी एकेक करून गोळ्यांना बळी पडली. कोणी वाचवायला आले नाही. पण मी सांगतो तो प्रसंग त्याच्या दोनच आठवडे आधीच्या, 'ऑर्बिट' नावाच्या भागातला, लेखक रॉबर्ट होम्स यांचा.

अ‍ॅव्हन हा थंड डोक्याचा संगणकतज्ज्ञ. विला हा कुलपे उघडणारा चोर, भित्रा, सतत काहीतरी विनोद करणारा, मालिकेतला हसवणारा माणूस. दोघे एका छोट्या यानात आहेत. यान जड झाले आहे, वर चढेना. सामान फेकले, बाके उपटून फेकली, तरी अजून सत्तर किलो कमी व्हायला हवेत. आणखी फेकण्यासारखे काय आहे, असे अ‍ॅव्हन ओरॅक या संगणकाला विचारतो. विलाचे वजन त्र्याहत्तर किलो आहे, असे तो संगणक निर्विकारपणे सांगतो. अ‍ॅव्हन पिस्तूल उचलतो आणि शोधायला निघतो. विला एका कोपऱ्यात, अंग चोरून, रडू आवरत बसला आहे.

तेवढ्यात अ‍ॅव्हनला जमिनीवर एक लहानसा ठोकळा दिसतो. शत्रूने तो यानात लपवलेला. त्याच्यात विरलेल्या ताऱ्याच्या द्रव्याचा कण आहे, डोळ्यांना जवळजवळ दिसणार नाही एवढा, पण वजन प्रचंड. जीव खाऊन तो ठोकळा ढकलत नेऊन अ‍ॅव्हन बाहेर टाकतो. यान वर चढते. दोघे वाचतात.

ही सोय डगनच्या ठोशाहून कमी नाही, दारातून धावत आलेल्या त्या माणसाहूनही नाही. सगळ्या अडचणींचे वजन एका चौकोनी ठोकळ्यात! पण ठोकळा सापडला तो निर्णय झाल्यानंतर. विलाचा जीव वाचला. अ‍ॅव्हनचा निर्णय वाचला नाही. तो घेतला गेला होता, आणि ज्याच्याविषयी तो होता त्याने लपल्या जागेवरून पावलांचा आवाज ऐकला होता. भागाच्या शेवटी दोघे समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यातली जुनी थट्टा पुन्हा बोलली जाते, शब्द थट्टेचेच असतात, पण विलाला हसू येत नाही, आणि आपल्यालाही. तीन वर्षे ज्याने हसवले त्याच्याच तोंडावरचे हसू काढून घेऊन लेखकाने सोयीची किंमत मोजली.

गेल्या वर्षी दहावीच्या एका मोकळ्या तासाला हा प्रसंग मी मुलांना सांगितला आणि विचारले की विलाने पुन्हा अ‍ॅव्हनबरोबर प्रवास करावा का. मुलांचे लगेच दोन तट पडले. अखेर कोणी मेले तर नाही ना, असा एका गटाचा मुद्दा. दुसरा गट म्हणे, ठोकळा नसता तर? बराच गोंगाट झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प होती. तास संपत आला तेव्हा तिने हात वर केला.

"सर, अ‍ॅव्हन त्याला शोधत होता तेव्हा त्याने हाक मारली का?"

"मारली."

"रागाने?"

"नाही," मी म्हणालो. "अगदी गोड आवाजात. मला जरा मदत हवी आहे, असे म्हणत होता."